फिल्टरफाडे

वापरलेला ऑइल फिल्टर गाडीतून काढला की टाकून द्यायचा असतो, एवढी साधी गोष्ट ज्याला पटत नाही असा एक तरी गृहस्थ मोटारी असलेल्या प्रत्येक समाजात सापडतो. आपल्याकडे तो बहुधा कुठल्या तरी कारखान्यातून निवृत्त झालेला असतो, नाहीतर निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला असतो. गाडी दहा वर्षांची असते, आणि तिचं बॉनेट उघडून दाखवण्याची त्याला जी हौस असते ती कुणाला तिच्यात बसवून नेण्याची नसते. याला आपण फिल्टरफाडे म्हणू. फिल्टरफाडेंचा छंद एकच: उतरवलेला फिल्टर आडवा कापायचा, आतला कागद उलगडायचा आणि त्यात काय अडकलंय ते भिंगाखाली बघायचं. दुःखही एकच: कापण्याचं खरं हत्यार परवडत नाही, आणि जे परवडतं ते खरं नसतं. त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग फिल्टर कापण्यात जात नाही, तो कशानं कापावा याच्या शोधात जातो. लोक त्यांच्यावर दोन आरोप ठेवतात. हा माणूस विक्षिप्त आहे हा पहिला, आणि चिक्कू आहे हा दुसरा. पहिल्या आरोपात त्यांची बाजू मी अर्धीमुर्धीच घेऊ शकेन. दुसऱ्यातून मात्र ते साफ सुटतात, कारण हत्यार स्वस्त असणं ही त्या तपासणीचीच तांत्रिक गरज आहे. हे सिद्ध करायला थोडं ऑइलमध्ये हात घालावे लागतील.

आधी त्या डब्यात असतं काय ते बघू. बाहेरून रंग दिलेला पत्रा, खाली जाड तबकडी, तिच्या मधोमध आटे पाडलेलं भोक आणि भोवती लहान भोकांचं कडं. ऑइल या लहान भोकांतून आत शिरतं, साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घातलेल्या कागदातून बाहेरच्या अंगानं आतल्या अंगाला गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे परत जातं. इंजिन बंद असताना ऑइल उलटं ओघळून जाऊ नये म्हणून एक रबरी पडदा असतो. कागद तुंबलाच तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून, ऑइल न गाळता सोडून देणारी एक झडप असते. हे सगळं जागेवर दाबून धरायला एक स्प्रिंग, की संपला फिल्टर. अमेरिकेत १९२३च्या सुमारास मोटारीचा ऑइल फिल्टर आला तेव्हापासून कितीतरी वर्षं मेकॅनिकला भांडं उघडून आतली गाळणी बदलावी लागे, म्हणजे आतला गाळ त्याला न मागता दिसे. १९५०च्या दशकात हातानं फिरवून बसवायचा आणि फिरवूनच काढायचा सीलबंद डबा आला. काम पाच मिनिटांचं झालं, हात कमी बरबटू लागले, आणि गाळ दिसायचा बंद झाला. फिल्टरफाडे ही जमात जन्मली ती त्या सीलमुळे. उघडा असता तर त्यांनी त्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

पण आत बघण्यासारखं काही असतं का? असतं. इंजिनात जे काही झिजतं त्याचा कण ऑइलबरोबर फिरत फिरत या कागदावर येऊन बसतो. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटरनं किंवा वर्षानं ऑइल बदलायला सांगतात. म्हणजे कागदावर तेवढ्या धावेची नोंद असते, आणि ती सर्व्हिस सेंटरच्या छापील यादीतल्या बरोबरच्या खुणांपेक्षा जास्त प्रामाणिक असते. लोखंडाचा कण चुंबकाला चिकटतो. ॲल्युमिनियमचा चिकटत नाही, पण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकला की बुडबुडे सोडत विरघळतो, त्यावरून पिस्टन किंवा एखादं बेअरिंग नजरेखाली येतं. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडला, असा संशय घ्यायला जागा असते. काळा, ठिसूळ खडा हा बहुधा जळून कडक झालेल्या ऑइलचा असतो, धातूचा नव्हे, आणि तो बोटांत चुरगळतो. हे ज्ञान गुप्त नाही, पुस्तकी तर मुळीच नाही. त्याला वर्तमानपत्राचा कागद, जुन्या स्पीकरमधलं चुंबक, भिंग, बॅटरी आणि चांगलं ऊन एवढं पुरतं. अडतं ते फक्त डबा उघडण्यापाशी.

ही पद्धत एखाद्या रिकामटेकड्याच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचं खरं घर आहे विमानाचं हँगर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला लहान विमानांची पिस्टन इंजिनं बनवणारी लायकमिंग ही कंपनी आहे. तिची सूचना अशी की सगळं ऑइल गाळणारा फिल्टर बसवलेला असेल तर ऑइल आणि फिल्टर दर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदला, आणि काढलेला फिल्टर कापून त्यातला कागद तपासा. एक इंजिन असलेल्या विमानाला आकाशात कडेला थांबता येत नाही, त्यामुळे तिथे या तपासणीला कुणी हसत नाही. त्या कामासाठी खास कटर मिळतो. एका बाजूला कठीण पोलादाचं धारदार चाक, समोर फिल्टरला आधार देणारे रूळ आणि वर घट्ट करायचा दांडा. फिल्टर फिरवायचा, दांडा थोडा आवळायचा, पुन्हा फिरवायचा. पाच-सहा फेऱ्यांत डबा तबकडीपासून सुटतो आणि धातूचा एक कणही गळत नाही. चांगल्या अमेरिकन कटरला साधारण शंभर डॉलर पडतात. ज्याच्या इंजिनाच्या ओव्हरहॉललाच हजारो डॉलर लागतात त्याला ही रक्कम चहापाण्याची वाटते. हँगरमधून हे हत्यार मोटारशर्यतवाल्यांच्या गॅरेजात आलं, तिथून गाडीवेड्या अमेरिकन घरमालकाच्या गॅरेजात, आणि मग व्हिडिओमार्गे आपल्या फिल्टरफाडेंच्या डोळ्यांत. व्हिडिओत ते चाक ज्या लोण्यासारख्या हातानं फिरतं ते बघून त्यांच्या घरातल्या बाकीच्या मंडळींना झोप येते आणि त्यांची उडते. शंभर डॉलर म्हणजे आठ हजारांच्या पुढे, वर टपाल, वर कस्टम. आणि कापायचा फिल्टर दीडशे रुपयांचा.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सोसायटीच्या पार्किंगमधून जाणारा कुणीही घेऊ शकतो: अहो, कापायचंच आहे तर हॅक्सॉनं कापा की! हा आक्षेप घेणाऱ्याला तपासणीचा हेतूच कळलेला नाही. हॅक्सॉ कापते म्हणजे पत्र्याचा कीस पाडते, आणि तो कीस थेट त्या कागदावर पडतो ज्यावर आपण लोखंडाचा कीस शोधायला बसलोय. पुराव्यात पुरावा मिसळला. नवशिके फिल्टरफाडे पहिला फिल्टर हॅक्सॉनंच कापतात, चुंबकाला चिकटलेली दाढी बघून हबकतात आणि इंजिन आता महिन्याभराचं सोबती असं घरी जाहीर करतात. गाडी पुढची सात वर्षं निमूटपणे चालते. ग्राइंडर लावला तर कीस आणि ठिणग्या दोन्ही, शिवाय डब्यात थोडं ऑइल उरलेलं असतंच. छन्नी-हातोड्यानं डबा चेमटतो आणि आतला कागद चिरडतो. पत्रा कापायची कात्री चालते, पण आधी तिला शिरायला भोक पाडावं लागतं आणि नंतर वळलेल्या पत्र्याची धार बोटाचा हिशेब चुकता करते. स्वयंपाकघरातला डबे फोडायचा ओपनर हा या यादीतला सर्वांत खिन्न प्रकार. फिल्टरच्या कडेला पत्र्याच्या दुमडी एकावर एक बसलेल्या असतात. ओपनर तिथे दोन दाते टेकवतो आणि हात टेकतो. पुढे त्या ओपनरचं काय झालं यावर घरात जी चर्चा होते ती या लेखाच्या कक्षेबाहेरची.

मग प्लंबरचा पाइप कटर? कल्पना अगदी बरोबर आहे, कारण तोही चाकानं दाबून कापतो आणि कीस जवळपास पाडत नाही. पण नशीब बघा. प्लंबरकडे सर्रास आढळणारा कटर दोन इंची पाइपपर्यंतचा. दोन इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटरच्या जरासा वर, आणि लहान मोटारींचे फिल्टर बहुतेक ६५ मिलिमीटरच्या आसपास किंवा पुढे. पाच मिलिमीटरसाठी सगळं अडतं. फिल्टरफाडे त्या कटरच्या जबड्यात फिल्टर बसवून बघतात, काढतात, उलटा धरून बसवतात आणि जणू दुकानदारानंच फिल्टर फुगवला असं त्याच्याकडे बघतात. त्यापुढच्या मापाचा कटर घ्यावा तर तो इतका अवजड की तो पेलायला आणि फिल्टर धरायला मिळून तीन हात लागतात, आणि किंमत पुन्हा अमेरिकेच्या दिशेनं निघते. सायलेन्सरचा पाइप कापायचा साखळीचा कटर हा या सगळ्यांत बरा. साखळी फिल्टरभोवती गुंडाळली की मापाचा प्रश्नच मिटतो. पण तो ज्या गॅरेजात असतो तिथला मालक तो अशा कामाला देत नाही, आणि कारण विचारलं तर तेही देत नाही.

शोधाचे मार्ग ठरलेले आहेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी आणि नाना पेठ, कोल्हापुरात उद्यमनगर, आणि हे सगळं थकलं की पुण्याचा जुना बाजार. दुकानातला संवादही सगळीकडे तोच. ‘काय कापायचंय?’ ‘ऑइल फिल्टर.’ ‘चांगला का कापताय?’ ‘वापरलेला आहे.’ ‘मग टाका की!’ यानंतर फिल्टरफाडे सीलबंद डब्याची रचना समजावू लागतात, मागचं गिऱ्हाईक खिळ्यांचे पैसे काउंटरवर ठेवून निघून जातं आणि दुकानदार शेवटी सुटका म्हणून फिल्टर खोलायचा पट्टा दाखवतो. खोलणं वेगळं, कापणं वेगळं, हे त्याला पटवण्यात आणखी दहा मिनिटं जातात. इथे फिल्टरफाडेंचा स्वभाव उघडा पडतो, आणि मान्य करायला हवं की तो सोसायला जड असतो. ते काहीही विकत न घेता दुकानाला अर्धा तास शिकवतात.

सगळे रस्ते संपले की हत्यार घरी बनतं. कृती साधारण अशी: एक भक्कम सी-क्लॅम्प, पाइप कटरचं सुटं मिळणारं चाक आणि ६०८ नंबरची दोन बेअरिंगं. ही बेअरिंगं लहान मुलांच्या स्केट्समध्ये असतात, आठ मिलिमीटर भोक आणि बावीस मिलिमीटर बाहेरचा व्यास, आणि कुठंही स्वस्तात मिळतात. क्लॅम्पच्या एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला पट्टीवर ती दोन बेअरिंगं रूळ म्हणून. तत्त्वात यात काही कमी नाही. अमेरिकन कटर याहून वेगळं काही करत नाही. पण पट्टीला भोकं पाडायला टर्नरकडे जावं लागतं, टर्नर म्हणतो साहेब हे चाक सरळ रेषेत नाही, फिल्टरवर नागमोडी जाईल, मग चाकाला नवी बैठक, बैठकीला नवा बोल्ट, वेल्डिंग, वेल्डिंगनं वाकलेली पट्टी सरळ करणं. पोरांच्या स्केट्सचा विषय निराळाच. हिशेब मांडला, आणि फिल्टरफाडे तो मांडतातच, तर स्वस्त हत्यार अमेरिकन हत्याराच्या निम्म्यापर्यंत सहज पोचलेलं असतं आणि त्यात टर्नरच्या दुकानी गेलेले रविवार धरलेले नसतात. आक्षेपकाला इथे विजयाचा वास येतो: दीडशे रुपयांचा फिल्टर बघायला चार हजार खर्च करणारा माणूस परवडण्याच्या गोष्टी कसल्या करतो?

याचं उत्तर असं, आणि माझा मुद्दाही इथेच आहे. एकदा कापलेला फिल्टर जवळजवळ काहीच सांगत नाही. नव्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरमध्ये धातूचे कण सापडतातच, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसत असतात. दहा वर्षांच्या इंजिनातही बारीक चकाकी असू शकते आणि ती बिनधोक असू शकते. किती कण जास्त, हे त्याच इंजिनाच्या मागच्या फिल्टरवरून ठरतं, आणि मागचा त्याच्या मागच्यावरून. लायकमिंगसुद्धा नव्या इंजिनाचे कण आणि मुरलेल्या इंजिनाचे कण एका मापानं मोजत नाही. म्हणजे या तपासणीची किंमत ओळीत आहे, आणि ओळ तयार व्हायला ती पुन्हा पुन्हा व्हावी लागते. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट होते जी स्वस्त आणि सोपी असते. ज्या तपासणीला दर वेळी हजार रुपये किंवा अर्धा दिवस लागतो ती दुसऱ्या वर्षी होत नाही, तिसऱ्या वर्षी आठवत नाही. स्वस्त कटरची मागणी म्हणून चिक्कूपणाची नव्हे. महाग कटर विकत घेऊन माळ्यावर ठेवणारा माणूस एक फिल्टर बघतो. बरा-वाईट घरगुती कटर हाताशी असलेला वीस बघतो, आणि ज्ञान वीस बघणाऱ्याला होतं. घरगुती कटरला पैसे जास्त गेले हे खरं, पण ते एकदाच गेले, आणि ते चाक बोथट झालं की सुटं चाक बदलता येतं. फिल्टरफाडेंनी हे गणित फार मनावर घेतलं आहे, जरा जास्तच. कटरची किंमत भागिले फिल्टरांची संख्या असा त्यांचा भागाकार असल्यामुळे छेद वाढवण्यासाठी ते शेजाऱ्यांचे फिल्टर मागू लागतात. दिवाळीआधी गाडी सर्व्हिसिंगला देणाऱ्या प्रत्येकाला ‘जुना फिल्टर टाकू नका हो, माझ्याकडे द्या’ अशी विनंती जाते. देणारे देतातही, कारण न दिल्यास लिफ्टमध्ये कारण सांगावं लागतं.

यापुढचा आक्षेप जाणकारांचा आहे, म्हणून त्याला थोडा जास्त मान द्यायला हवा. ते म्हणतात, हे भिंग-चुंबक कशाला, प्रयोगशाळेत ऑइलचा नमुना पाठवा. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेनं आपल्या इंजिनांचं वापरलेलं ऑइल वर्णपटावर तपासून आतली झीज ओळखायला सुरुवात केली, आणि आज आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडांतही ती तपासणी ठरलेली आहे. लोखंड किती, तांबं किती, सिलिकॉन म्हणजे धूळ किती, दशलक्षात किती भाग, सगळं आकड्यांत. यापुढे फिल्टरफाडेंचं वर्तमानपत्र म्हणजे पोरखेळ नव्हे काय? नव्हे. वर्णपटाचं हे यंत्र फार बारीक कणच नीट मोजतं, साधारण पाच ते दहा मायक्रॉनपर्यंतचे. त्याहून मोठा कण त्याच्या ज्योतीत पुरता जळत नाही, म्हणून आकड्यात उतरत नाही. आणि मोठा कण तर ऑइलमध्ये राहतच नाही, तो फिल्टरच्या कागदावर बसलेला असतो. बेअरिंग हळूहळू झिजतं तेव्हा प्रयोगशाळा आधी सांगते. त्याचे तुकडे पडू लागतात तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल सामान्य येऊ शकतो आणि कागद चमचमत असतो. दोन तपासण्यांची दोन वेगळी राज्यं आहेत. मात्र उलट बाजूही तितकीच खरी, आणि ती फिल्टरफाडेंना कधी आवडत नाही. ऑइलमध्ये कूलंट झिरपतंय का, पेट्रोल मिसळून ते पातळ झालंय का, एअर फिल्टरमधून धूळ येतेय का, यांतलं फारसं काही कागदावर नजरेनं कळत नाही. ‘मी स्वतः डोळ्यांनी बघितलं’ हे वाक्य ते ज्या थाटात टाकतात तेवढा आवाका त्यांच्या डोळ्यांचा नाही.

तरीही त्यांच्या वहीत डोकावलं तर एक गमतीची गोष्ट दिसेल. तारीख, किलोमीटर, निष्कर्ष असे तीन रकाने, आणि तिसऱ्या रकान्यात पानोपान ‘काही नाही’. यावरून आक्षेपक म्हणतो, बघा, वाया गेलेलं आयुष्य. पण काही नसण्याची नोंद ठेवणं हेच तर मुळात काम आहे. ते नसेल तर एखाद्या दिवशी काही सापडलं तेव्हा ते नवं आहे हे कळणार कशावरून? शिवाय अधूनमधून काहीतरी निघतंच, पण ते इंजिनाचं नसतं, माणसाचं असतं. कागदाच्या घडीत अडकलेली निळी किंवा काळी रबरी वळवळ, म्हणजे ऑइलचं संप बसवताना मेकॅनिकनं हात सैल सोडून फासलेला सीलंट. तो बाहेर दिसत नाही, आत सुटून फिरतो, आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीत जाऊन बसला तर इंजिनाला खरंच महाग पडू शकतो. तो तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिल्टरफाडे गॅरेजात हजर होतात. त्यानंतर त्यांची गाडी दिसली की मेकॅनिकला दुसरं काम आठवतं. दुसरी कमाई म्हणजे खुद्द फिल्टरची परीक्षा. बनावट सुट्या भागांचा सुळसुळाट आपल्या बाजारात आहे हे कुणाला सांगायला नको, आणि खोक्यावरच्या छपाईवरून आतला कागद ओळखता येत नाही. कापल्यावर कळतं: घड्या सारख्या आहेत की एका बाजूला गोळा झाल्यात, शेवटच्या दोन घड्यांचा जोड चिकटलाय की फाकलाय, रबरी पडदा मऊ आहे की पापड झालाय. फाकलेल्या जोडातून ऑइल न गाळताच गेलेलं असतं, वर्षभर. ही गोष्ट कुठलाही दिवा, कुठलाही मीटर गाडीच्या मालकाला सांगत नाही. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा तर दाब गेल्यावर लागतो, म्हणजे फिर्याद नोंदवायला नव्हे, पंचनाम्याला.

पुण्या-पिंपरीच्या पट्ट्यात हा माणूस विशेष का आढळतो याचंही कारण साधं आहे. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स आणि तिचा कोथरूडचा कारखाना, पुढे पिंपरी-चिंचवडची सगळी मोटारनगरी. इंजिन खोलून, मोजून, झिजलेला भाग हातात धरून ज्यांची नोकरी गेली, त्यांना ‘सगळं ठीक आहे सर’ या वाक्यावर गाडी परत घेणं जमत नाही. याला मी विक्षिप्तपणा म्हणणार नाही. विक्षिप्तपणा दुसरीकडे आहे. फिल्टरफाडेंची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर धावते, तीही संथ. तिचं इंजिन बिघडण्याची शक्यता शहरात सर्वांत कमी, आणि तपासणी सर्वांत जास्त. टायरमधली हवा मात्र ते महिनोन्‌महिने बघत नाहीत, कारण हवेत कापण्यासारखं काही नसतं. उलट नाशिक महामार्गावर रात्रंदिवस पळणारी टॅक्सी, ऊसवाहतुकीला जुंपलेला ट्रॅक्टर, जुना टेम्पो, ज्यांचं इंजिन बसलं तर घर बसतं, त्यांचे फिल्टर एकदाही न उघडता भंगारात जातात. तिथल्या मिस्त्रीला कान आहेत, अनुभव आहे, पण आठ हजारांचं हत्यार नाही आणि ते घेण्याचं कारणही नाही. त्याच्या बाकावर पाचशे-सातशे रुपयांत, ६० ते १२० मिलिमीटरपर्यंतचा कुठलाही डबा घेईल असा साधा, देशी कटर पडलेला असता तर तो पाच मिनिटांत डबा फाडून ट्रॅक्टरवाल्याला दाखवू शकला असता की अजून एक हंगाम निघेल, किंवा नाही निघणार. क्लॅम्प आपल्याकडे बनतात, पाइप कटर बनतात, कठीण चाकं बनतात. या तिघांचं लग्न लावायला कुठल्या परदेशी तंत्रज्ञानाची गरज नाही. फिल्टरफाडे टर्नरच्या दारात रविवार घालवतात तेव्हा अजाणता याच हत्याराचे नमुने काढत असतात. फक्त दहावा नमुना झाला तरी पहिला कुणाला द्यावा असं त्यांच्या मनात येत नाही.

कापल्यानंतरचा पसारा हा त्यांचा कच्चा दुवा. वापरलेलं ऑइल हा २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते गटारात किंवा मातीत ओतायचं नसतं, ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठीच द्यायचं असतं. फिल्टरफाडेंना नियम पाठ असतो. ऑइल ते पाच लिटरच्या कॅनमध्ये जपून ठेवतात. फक्त असे कॅन किती झाले याची नोंद त्या वहीत नसते, ती सोसायटीच्या सचिवांकडे असते.

काळ त्यांच्या बाजूचा नाही. बऱ्याच नव्या इंजिनांत पत्र्याचा डबा गेला आणि नुसता कागदी गोळा पुन्हा आला. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत ज्या १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेलनं एक पिढी चालवली, त्यातही फिल्टर भांड्यात ठेवायचा कागदी गोळाच; झाकण उघडलं की कागद समोर. तपासणी फुकट, हत्याराशिवाय, कुणालाही. खरं म्हणजे फिल्टरफाडेंनी पेढे वाटायला हवे होते. पण त्यांनी असा फिल्टर एकदा हातात घेऊन बघितला, ‘यात काही मजा नाही’ म्हणाले आणि परत दिला. पहिल्या आरोपाबद्दल मी त्यांची बाजू अर्धीच घेतो ती यासाठी. विजेच्या गाड्या आल्यावर तर इंजिन ऑइलच गेलं, आणि काही दिवस ते फारसे खाली उतरले नाहीत. मग २०२५च्या जुलैमध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दालन उघडलं, आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की त्या गाडीच्या मोटर-गिअरच्या डब्यात ऑइल असतं आणि त्या ऑइलला चक्क एक फिरवून बसवायचा फिल्टर असतो, जो ठरावीक मुदतीनं बदला असं कंपनी सांगतही नाही. गाडीची किंमत साठ लाखांच्या आसपास आहे हेही त्यांना सांगण्यात आलं, पण ते ऐकायला ते थांबले नव्हते. त्यांना त्या फिल्टरचा व्यास हवा होता.